स्वीट चार्लीला ग्रेसचे मार्क

“तू बेफिकर जा. मी एवढी वर्षं पोरं सांभाळली, सहा ओळी झाडं नाही सांभाळता येणार?” प्रभाकरराव लेकीला म्हणाले.

गणिताचे रिटायर्ड मास्तर ते. गौरीने एमएस्सीच्या थिसिससाठी फ्रीगंजच्या घराच्या गच्चीवर स्ट्रॉबेरीच्या तीन जाती लावल्या होत्या: कॅमारोसा, विंटर डॉन आणि स्वीट चार्ली. प्रत्येकीची एक ओळ पूर्ण खतावर, एक अर्ध्यावर. कमी खतात कोण किती फळतं आणि कोणाचं फळ गोड राहतं, ते बघायचं होतं. ती तीन आठवडे ट्रेनिंगला गेली.

पाचव्या दिवशी अर्ध्या खताची कॅमारोसा पिवळी पडली. पास व्हायला तेहेतीस लागायचे, पण प्रभाकररावांनी बत्तीस मार्कांवर आयुष्यात एक पोरगा लटकवला नव्हता. त्यांनी तिला कपभर खताचं पाणी जास्त दिलं. मग एकीलाच कसं द्यायचं, म्हणून अर्ध्यावरच्या बाकी दोघींनाही. रोज.

गौरी परतली आणि सरळ गच्चीवर गेली.

“बाबा, अर्ध्या ओळी इतक्या हिरव्या कशा काय?”

“थोडा ग्रेस दिला.”

“झाडांना?”

“बॉर्डरवर होती बिचारी.”

“चार्ली मस्त चालली होती अर्ध्यावर. आता बघा, नुसता पालक झालाय.”

ती पायरीवर बसली. मंगळवारी गाइड मॅडम येणार होत्या. त्यांनी नापास केलं तर अख्खा हिवाळा पुन्हा लावायचा. प्रभाकरराव गुपचूप खाली गेले आणि एक वही घेऊन आले. तारीख, ओळ, किती कप, खाली सही. न लिहिता ग्रेस देणं त्यांच्या लेखी चोरी होती.

मंगळवारी मॅडमनी ओळी निरखल्या, वही दोनदा वाचली. “चला, हा तिसरा डोस समजू. कॅमारोसा खाते ते फळात दाखवते, चार्ली पानांत उडवते. हे लिहिण्यासारखं आहे. फक्त या तोड्याची गोडी मोज. उद्या आकडे हवेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीने सहा ताटल्यांत फळं तोडून ठेवली, चिठ्ठ्या लावल्या आणि गोडी मोजायचं यंत्र आणायला कॉलेजात गेली.

“बाबा, ताटल्यांपाशी बसा. हात कुणी लावायचा नाही.”

“मी बसलोय ना.”

थोड्या वेळाने गौरीची आई, सुमनताई आल्या. “अहो, घरचं पहिलं फळ. देवाला दाखवल्याशिवाय मशीनला दाखवणार?”

प्रभाकररावांनी विचार केला. “घे. पण सगळ्यांतून सारखं घे. अन्याय नको.”

देवघर मोठं, शेजारी पाच. सारखं घेता घेता सहाही ताटल्या रिकाम्या झाल्या. आंबट नैवेद्य चालत नाही, म्हणून सुमनताईंनी शिकरण केली.

परत आल्यावर गौरीने यंत्राच्या काचेवर पातेल्यातला एक थेंब टाकला. गोडी एकवीस आली; स्ट्रॉबेरीची दहाच्या आसपास असते. साखर आठ चमचे होती.