बाहेरचे कोणी नव्हते

काशीमीऱ्याला परमिंदरसिंगांच्या गॅरेजवर टोळकं चालून आलं. शीख म्हणून शिव्या देत त्यांची पगडी उडवली, डोकं फोडलं. त्याचा व्हिडिओ समिधाने पाहिला. टोळक्यातल्या एकाने तोंडाला रुमाल बांधला होता, तरी ज्याला ती रोज डबा भरून देते त्या दिराची, निकेतची, चाल तिला कळणारच.

"घरातलं घरातच राहू दे," तिने सांगताच सासूबाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीने निषेधाची सभा घेतली. निकेतच खुर्च्या मांडत होता. परमिंदरसिंग आणि त्यांची बायको जसबीर समिधाच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. जसबीरने समिधाला शेजारी बसवून हात घट्ट धरला. "भाभी, आप लोग हो, तो हिम्मत रहती है."

समिधाला हात सोडवेना, मान वर करवेना.

"हे बाहेरच्यांचं काम आहे," सेक्रेटरी माइकवर म्हणाले.

"बाहेरचे नव्हते," समिधा बोलून गेली. "आमचा निकेत होता."

जसबीरने हात काढून घेतला आणि ती उठून गेली.

संध्याकाळी पोलीस निकेतला घेऊन गेले. समिधा घरी आली तेव्हा सासूबाईंनी दार उघडलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. नवऱ्यानेही पाहिलं नाही. समिधा स्वयंपाकघरात गेली आणि नेहमीसारखा, निकेतला धरून चौघांचा भात लावून बसली.