जादाचं पान

घरजावई झाल्यापासून जावईबापूंना एक खोड होती. कुणाच्याही कामात हात घालताना ते विचारायचे नाहीत, आणि घातल्यावर सांगायचेही नाहीत. सासूबाईंनी तीन वर्षं हे गिळलं, कारण लेक म्हणायची, "जाऊ दे गं आई, मन मोठं आहे त्यांचं." मन असेल मोठं. हात त्याहून लांब होते.

त्या दिवशी सासूबाई पॉलिशपेपर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेल्या होत्या आणि लेक दाढ दाखवायला दवाखान्यात. परत येताना दोघी कोपऱ्यावर भेटल्या, घरात शिरल्या, तर बाहेरच्या खोलीत दागिन्यांच्या दुकानाची मालकीण कोचावर बसलेली. समोर लेकीचा हार. शेजारी जावईबापू, सगळं आपणच घडवल्यासारखे हसत.

"बाईंना चारला बोलावलं होतं ना?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच फोन करून अकराला बोलावलं, आई. माल तयार होता, म्हटलं उगाच कशाला ताटकळवायचं."

तयार? सकाळी निघताना मागच्या खोलीत टाइलवर पॉलिमर क्लेची, ओव्हनमध्ये भाजल्यावर पक्क्या होणाऱ्या मातीची, कच्ची पानं मांडलेली त्यांनी स्वतः बघितली होती. लेक महिनाभर ती वळत होती, सुईच्या टोकानं एकेक शीर ओढत. आजवर तिचा माल आईच्या नावावर खपत आला होता. हा हार पसंत पडला तर दुकानातलं दारासमोरचं काचेचं कपाट वर्षभर लेकीचं होणार होतं, वर तिच्या नावाची पाटी लावून.

सासूबाईंनी हार उचलला. चाटून ठेवलेल्या गोळीसारखा चमकत होता. ही घासून आलेली चमक नव्हेच. पाण्याखाली आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी जुन्या जीन्सचा तुकडा, असं घासलं की क्ले आतून उजळते आणि हाताला कोरडी लागते. ही बोटाला धरत होती.

"स्प्रे मारलात?"

"दोनदा! आरसा झालाय बघा. तुम्ही दोघी उगाच दोन-दोन तास घासत बसता."

"आणि भाजलं किती?"

"झालं की पुरेसं."

"जावईबापू, मी वेळ विचारली."

"असतील पंधरा मिनिटं. गार झाल्यावर दगडासारखी लागली की!"

लागायला हवा होता अर्धा तास. आता पुन्हा ओव्हनमध्ये घालावं तर वरचा स्प्रे फुगून पिवळा पडणार.

या घरात भाजायच्या प्रत्येक ताटात एक पान जादा जायचं, देठावर नखाची खूण करून. भाजून गार झालं की सासूबाई ते वाकवायच्या. वाकलं तर ताट पास, तुटलं तर सगळं पुन्हा आत. त्यांची स्वतःची शाळा दुसरीतच सुटली होती, पण ही परीक्षा त्यांनी एकाही ताटाला माफ केली नव्हती.

"जादाचं पान कुठाय?"

"असेल इथेच कुठेतरी."

सासूबाई हार बोटांतून सरकवत गेल्या. मधोमध, सगळ्यांत आधी नजर जाईल तिथे, देठावर नखाची खूण.

"हे हारात कसं आलं?"

जावईबापूंनी आवाज खाली आणला. "ओवताना एक तुटलं. एकच. मग जादाचं लावून टाकलं. आई, पाहुण्यांसमोर नको ना."

"म्हणजे तुटतंय हे कळलं होतं तुम्हाला."

"दुकानात कोण वाकवून बघतंय?"

"मी बघते," लेक म्हणाली. तिनं आईच्या हातातून हार घेतला आणि खुणेचं पान दोन बोटांत धरून वाकवलं. कट्‌ झालं. अर्धं पान मालकिणीच्या पायाशी पडलं.

"बाई, हार कच्चा आहे," लेक म्हणाली. दाढेनं गाल सुजलेला, तरी शब्द स्पष्ट. "असा मी नाही देऊ शकत. चार दिवस द्या."

"चार दिवस कुठले? मला उद्या कपाट भरायचंय. दुसऱ्या एकीचा माल येऊन पडलाय." मालकिणीनं पर्स उचलली. "पण सांगितलंत ते बरं केलंत." आणि ती गेली.

जावईबापू बायकोवर उखडले. "हातातला चान्स घालवलास! तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

लेक उरलेली पानं दोऱ्यातून काढायला बसली. सासूबाई तिच्या आणि जावईबापूंच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"तिच्याशी नाही, माझ्याशी बोला. काम येत नाही म्हणून मी कुणाला कधी हाकललं नाही, हाताला धरून शिकवलंय. तुम्हाला मात्र कच्चं आहे हे ठाऊक होतं, आणि तरी ते माझ्या लेकीच्या नावावर परक्या बाईच्या हातात ठेवलंत. कपाट गेलं, ते ती पुन्हा मिळवेल. तुम्ही या घरात जेवा, झोपा, पण मागच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि एक ऐकून ठेवा, जावईबापू. तीन वर्षं मी लोकांना सांगत आले, आमचे जावई जरा उतावळे आहेत एवढंच. आजपासून मी सांगणार, आमचे जावई लबाड आहेत."