गोधडीची उलट बाजू

मॅक्सीनने केलं ते प्रेमापोटी केलं, म्हणून तर तिला शिव्याही घालता येईनात. "बहिणीला दाखवते आणि आणून देते," म्हणत तिने आर्लीनच्या पलंगावरची गोधडी उचलून नेली आणि ती स्वतःच भरवते त्या गोधड्यांच्या प्रदर्शनाचा अर्ज परस्पर भरून मोकळी झाली. बरं, तेवढ्यावर थांबेल तर ती मॅक्सीन कसली! वर्तमानपत्रवाल्याला बोलावून तिने गोधडीचा फोटोही काढून घेतला. गेल्या रविवारी तो छापून आला, रंगीत, अर्धं पान भरून. आणि ते वर्तमानपत्र आमच्या आयोवात जातं तसं खाली मिसूरीतही जातं.

मिसूरीत वेंडल होता, आर्लीनचा नवरा. सात वर्षांपूर्वी एकदा तो कामावर गेल्यावर ती एका पिशवीनिशी घरातून निघाली, बस बदलत बदलत इथे एल्डन फोर्कला उतरली, नाव बदलून आर्लीन झाली आणि हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागली. त्याआधी वेंडल तिला जेवता जेवता म्हणाला होता, "गेलीस तर शोधून काढीन. आणि सापडलीस तर तिथेच संपवीन." आवाज चढवला नव्हता. वेंडल जेव्हा हळू बोलायचा तेव्हाच तो बोललेलं खरं करायचा. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं, मॅक्सीनलाही नाही.

फोटोत आर्लीन नव्हती, खाली नावही नवंच होतं. पण गोधडीवर पिसं होती ना! पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने घातलेली पिसांची वेल, आणि प्रत्येक पिसाचं टोक उलटं, आत वळलेलं. असं पीस एकाच घरात काढायचे. वेंडलची आई ऑर्फा हिच्याकडे तिच्या आजीने कापलेला पुठ्ठ्याचा साचा होता, आणि सुनेला तिनेच ते पीस हात धरून शिकवलं होतं. पळताना सून साचा तिथेच ठेवून आली, पण हाताला कोण विसरायला लावणार? बाई नाव बदलेल, केस कापेल. टाका कसा बदलणार?

शनिवारी सकाळी जत्रेच्या मैदानावरचा हॉल प्रदर्शनासाठी उघडला, तशी आर्लीन तिथे गेली ती गोधडी काढून आणायला. ऑगस्टात आम्ही तिथे डुकरं मांडतो, एप्रिलात गोधड्या. मॅक्सीन दारातच होती.

"काढून आणायला? वेडी का खुळी तू?" मॅक्सीन ओरडली. "पहिला नंबर आलाय तुझा! ती बघ निळी फीत. आणि एकदा टांगलेली गोधडी रविवारी पाचपर्यंत हलत नाही, हा नियम माझाच आहे."

"मॅक्सीन, माझं ऐक ना, मला नको ती फीत."

"लाजतेस काय गं! घाल हे हातमोजे आणि उभी राहा तिच्यापाशी. दोन बायका आज आल्याच नाहीत, माझ्या नाकी नऊ आलेत."

काय सांगणार होती आर्लीन? खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. चारच्या बसने निघून जायचं, असं तिने मनाशी ठरवलं. कुठे, ते ठरलं नव्हतं. तोवर डोकं खाली घालून उभं राहायचं. तिने पांढरे हातमोजे चढवले.

हे हातमोजेवाल्या बायकांचं काम सोपं असतं. पाहणाऱ्याने गोधडीला हात लावायचा नाही. कुणाला मागची बाजू बघायची असेल तर हातमोजेवाली गोधडीच्या मागे जाते, गोधडी आणि काळा पडदा यांच्यामध्ये हातभर जागा असते तिथे, आणि कडा उचलून दाखवते. मागची बाजू सगळे मागत नाहीत. पुढून रंग बघतात आणि पाय सँडविचकडे वळवतात. ज्या बाईने स्वतः बोटं टोचून घेतलीत ती मात्र मागून बघते. गाठी कुठे दडवल्यात, टाका दोन्हीकडे सारखा पडलाय का, कंटाळून कुठे उरकून टाकलंय का, हे सगळं पाठीवर दिसतं.

सकाळभर बायका येत राहिल्या. एकीने चष्मा नाकावर ओढून टाके मोजले. "बारा! इंचाला बारा! बाई आहे का मशीन?" दुसरी म्हणाली, "आणि हे पीस बघ. असं उलटं टोक मी जन्मात पाहिलं नव्हतं." दुसऱ्या कुणाचं मन भरून आलं असतं. आर्लीन दर कौतुकाला मान आणखी खाली घालत होती. गप्प बसा गं, असं तिला ओरडावंसं वाटत होतं, नका इतकं निरखून बघू.

अकराच्या सुमाराला तिकिटाच्या टेबलापाशी एक पुरुष म्हणाला, "ती पेपरातली पिसांची गोधडी कुठेय?"

हळू आवाज होता. आर्लीनने तो ओळखला. कधी आणि कशी ते तिलाही कळलं नाही, पण ती गोधडीच्या मागे होती. गोधडीच्या खाली वीतभर फट होती. त्यातून आधी काठीचं रबरी टोक दिसलं, मग बायकी बूट, मग त्याचे बूट. ते बूट येऊन तिच्यासमोर थांबले. मध्ये फक्त तिनेच शिवलेलं कापड.

"बघ आई," वेंडल म्हणाला. "तिचंच ना हे?"

ऑर्फाची काठी गोधडीच्या आणखी जवळ टेकली.

"आई, मी चार तास गाडी हाकत आलोय. सांग."

"पुढून काय सांगू?" म्हातारी म्हणाली. "मला पाठ बघू दे."

"बघा की!" मॅक्सीनचा आवाज आला, हौसेने ओसंडणारा. "आर्लीन! अगं मागेच आहेस ना? दाखव ह्यांना."

देवा, ह्या बाईचं तोंड कुणीतरी शिवा. आर्लीनने कड धरली आणि पांढऱ्या हातमोज्यातली चार बोटं तेवढी बाहेर काढली.

"तिथून मला दिसत नाही," ऑर्फा म्हणाली. "मी मागे जाते."

"मीही येतो," वेंडल म्हणाला.

"तुम्ही मुळीच नाही!" मॅक्सीन आडवी आली. आमची मॅक्सीन आडवी आली की मालगाडी थांबते. "हातात कॉफी घेऊन गोधडीपाशी? आणि मागे जागा कुठेय, एक म्हातारी कशीबशी मावेल. उभे राहा इथेच."

काठी टेकत ऑर्फा मागे आली. आर्लीनने डोळे मिटून घेतले. आता ती ओरडेल, आता कापड बाजूला होईल. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ऑर्फा तिच्याकडे बघतच नव्हती. ती गोधडी बघत होती. खूप म्हातारी झाली होती. नाक कापडाला लागेल इतकी वाकून ती एकेका पिसावरून नजर फिरवत होती, वरपासून खालपर्यंत, सावकाश, आणि मध्येच हातमोज्याशिवायच एका वळणावर बोट ठेवून तिने मान हलवली. मग तिने वर पाहिलं.

"आई," आर्लीन ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"माझ्याच तोंडून निघून गेलं गं," ऑर्फा कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. "फोटो बघितला आणि आनंदाने ओरडलेच, अरे हे तर आपलं पीस! तो समोरच बसला होता."

"आई? झालं का?" पलीकडून वेंडल.

ऑर्फाने आर्लीनचा उजवा हात आपल्या हातात घेतला. हातमोज्यावरूनच तिने मधली दोन बोटं चाचपली, जी कधीच पुरती सरळ झाली नव्हती. वेंडलने त्यांच्यावर गाडीचं दार लावलं होतं. त्या दिवशी ऑर्फानेच काड्या लावून ती बांधली होती आणि डॉक्टरांना सांगितलं होतं की सून जिन्यावरून पडली. आता तिने ती बोटं मुठीत घट्ट धरली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलली.

"नाही रे. तिचं नाही हे."

"पीस आपलंच आहे!"

"पीस काय, कधीतरी कुणीतरी साचा मागून नेला असेल. मी हात बघतेय. हा हात तिचा असूच शकत नाही, वेंडल. तिची बोटं तू गाडीच्या दारात चिरडली होतीस. मी बांधली होती, आणि मीच खोटं बोलले होते. तसल्या बोटांनी असं काम होत नसतं."

हॉलमधल्या माना वळल्या. कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला.

ऑर्फाने हात सोडला, आणि काठी टेकत ती पुढे गेली.

"लोक ऐकतायत, आई," वेंडल म्हणाला. अगदी हळू म्हणाला. "गाडीत बस."

तो आवाज आर्लीनला ठाऊक होता. फटीतून तिला दिसलं, त्याचे बूट आईच्या बुटांना चिकटून चालले होते, आणि म्हातारीची काठी नीट टेकत नव्हती कारण त्याने तिला दंडाला धरून उचलल्यासारखं चालवलं होतं. चार तासांचा रस्ता. गाडीत दोघंच.

वाचलीस, असं कुणीतरी आतून म्हणत होतं. गप्प राहा, चारची बससुद्धा नको आता, गप्प राहिलीस की सुटलीस. बाहेर गाडीचं एक दार लागलं. मग दुसरं.

आर्लीन गोधडीच्या मागून बाहेर आली. उघड्या दारातून तिला एक हिरवी गाडी मैदानाबाहेर वळताना दिसली, आणि ती थेट मॅक्सीनकडे गेली.

"शेरीफला फोन लाव," ती म्हणाली. "आत्ता. हिरवी गाडी, मिसूरीची नंबरप्लेट. हायवेला लागायच्या आत थांबवायला सांग. त्या बाईला तो जिवंत ठेवणार नाही."

"अगं पण तुला काय माहीत?" मॅक्सीन गोंधळली. "ते विचारतील मला, सांगणारी कोण म्हणून. काय सांगू?"

आर्लीनने हातमोजा ओढून काढला आणि ती वाकडी बोटं सगळ्यांसमोर धरली.

"सांग, त्यांची सून आहे."