हंबरच्या नाकावरची टिटवी

असोद्याच्या तोतारामला कुणी विचारलं, केळी कशी आहेत, तर तो म्हणायचा, बरी आहेत. पण गाडी कशी आहे असं विचारलं, की विचारणाऱ्याचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. मग गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडचं दार उघडायचं, गाडीवरची ताडपत्री निघायची आणि पाहुण्याला चहा शेडमध्येच प्यावा लागायचा.

गाडी म्हणजे सदतीस सालची हंबर स्नाईप. भुसावळच्या रेल्वेतला एक गोरा साहेब देश सोडून निघाला, तेव्हा तोतारामच्या वडिलांनी, चुडामणआबांनी, ती त्याच्याकडून घेतली. तेव्हापासून किती मिस्त्री आले आणि हे जुनं काढून टाका, नवीन बसवून देतो म्हणाले. तोताराम त्यांना चहा पाजून वाटेला लावायचा. कंपनीने दिलं ते कंपनीचंच राहिलं पाहिजे, हा त्याचा एकच हट्ट. पुढचं घड्याळ कंपनीचं, अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या कंपनीच्या. मागच्या काचेवरचा रेशमी पडदा दोरी ओढली की सर्रकन खाली यायचा, तोही कंपनीचा. पान्यांच्या पेटीत प्रत्येक पान्याला त्याच्या मापाचा खड्डा होता आणि एकही खड्डा रिकामा नव्हता. वळायच्या वेळी दाराच्या खांबातून एक नारिंगी दांडी टपकन बाहेर यायची, आतून पेटलेली. त्या दांडीला तोताराम ‘हात’ म्हणायचा. असोद्याची पोरं तो हात बघायला शाळा बुडवत. तोतारामची बायको कुंदाबाई म्हणायची, एवढी निगा माझी राखली असती तर मीही अजून कंपनीसारखी दिसले असते.

एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यात बातमी आली, की धुळ्याच्या काही हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठेवलंय. नुसती शोभेची जत्रा नव्हती. ज्या गाडीवर कंपनीतून निघतानाचं सगळं जसंच्या तसं असेल, तिला पहिली ढाल मिळणार होती. तोतारामची झोप उडाली. जन्मभर ज्या हट्टापायी गावाने त्याला वेड्यात काढलं, त्या हट्टाला कुणीतरी ढाल देणार होतं. तो दिवसातून चार वेळा शेडमध्ये जाऊन यायचा आणि प्रत्येक वेळी बॉनेटसमोर येऊन थांबायचा. हत्ती निघून गेला होता आणि शेपूट अडकलं होतं. गाडीच्या नाकावरचा पक्षी नव्हता.

त्या पक्ष्याची गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. गाडी आली तेव्हा तिच्या नाकावर लांब चोचीचा, पंख फुगवलेला एक चकचकीत पक्षी होता. कंपनीने या गाडीचं नावच त्या पक्ष्यावरून ठेवलेलं. आपल्याकडे त्याला पाणलावा म्हणतात. पण तोतारामच्या आईने, मंजुळाबाईने, त्याला पाहताक्षणी टिटवी ठरवलं. टिटवी घरावरून ओरडत गेली तरी आपल्याकडे बायका दचकतात, इथे तर ती दारात उभी. आबांनी हसण्यावारी नेलं. पुढच्याच उन्हाळ्यात पाच वर्षांच्या तोतारामला देवी आल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. पोर तापाने फणफणत होतं आणि माय आबांना एकच म्हणत होती, आधी ती टिटवी काढा. आबांनी पान्याने पक्षी काढला, भोकात पितळी बोल्ट ठोकला आणि पक्षी शिवेबाहेर टाकून आले. पोर वाचलं. गालावर वण राहिले, बाकी काही नाही. मंजुळाबाई मात्र त्या दिवसापासून गाडीत कधी बसली नाही.

आबा जाण्याआधी एकदा तोतारामला म्हणाले होते, की विहिरीत टाकायला जीव झाला नाही, नशिराबादच्या अंगाला शिवेच्या बांधावर ठेवला. एवढ्या वर्षांत तो कुणी मोडीत घातला असेल, असं धरून तोताराम गप्प बसला होता. आता ढालीने त्याला गप्प बसू दिलं नाही. एका सकाळी त्याने राजदूत फटफटी काढली आणि शिव गाठली. बांधावर दगड आणि घाणेरीच्या झुडपांखेरीज काही नव्हतं. तो परत फिरणार, एवढ्यात पलीकडच्या शेतातून एक लाल ट्रॅक्टर धडधडत आला आणि तोतारामच्या छातीतही तसंच धडधडायला लागलं. ट्रॅक्टरच्या नाकावर पक्षी होता. तीच लांब चोच, तेच पंख. चोचीला शेंदूर माखलेला, गळ्यात झेंडूची वाळकी माळ.

ट्रॅक्टर चालवत होता सुपडू आबा, नशिराबादचा सत्तरीला टेकलेला, पण मिशी अजून पीळदार. तोतारामने रामराम घातला आणि ताकाला जाऊन भांडं लपवायला सुरुवात केली. केळीचा भाव झाला, विजेचं झालं, कपाशीवरची अळी झाली. शेवटी सुपडू आबाच म्हणाला, की तू आल्यापासून माझ्या तोंडाकडे पाहतच नाहीस, पाहतोस ते पाखराकडे. मग तोतारामने सगळं सांगितलं.

सुपडू आबाने ट्रॅक्टर बंद केला. त्याची बाजू वेगळीच होती. ज्या आठवड्यात त्याला बांधावर हे पाखरू सापडलं, त्याच आठवड्यात त्याच्या कोरड्या विहिरीला पाणी लागलं. मोटेच्या खांबावर पाखरू बसवलं, बरकत आली. मोट गेली, इंजिन आलं, पाखरू इंजिनावर गेलं. इंजिनामागून ट्रॅक्टर आला. दर दसऱ्याला आधी त्याची पूजा, मग अवजारांची. असोद्याची साडेसाती नशिराबादची लक्ष्मी होऊन बसली होती, आणि लक्ष्मी कुणी उसनी देतं का?

तोताराम चार दिवस हेलपाटे घालत राहिला. पाचव्या दिवशी त्याने मागणं सोडलं आणि सुपडू आबाला नुसता शेडमध्ये घेऊन आला. पडदा खालीवर करून दाखवला, पान्यांची पेटी उघडली, हात बाहेर काढला. सुपडू आबा गाडीभोवती फिरला आणि नाकासमोर उभा राहून त्या पितळी बोल्टाकडे बघत बसला. म्हातारा आतून हलला होता. एका दिवसासाठी पाखरू देतो म्हणाला, पण पाखरामागे मी येणार, आणि त्याच संध्याकाळी ते परत माझ्या दारात पाहिजे. तोतारामने गळ्याला हात लावून शब्द दिला.

राहिली आई. निघायच्या दिवशी सकाळी सुपडू आबा पाखरू घेऊन आला. तोतारामने बोल्ट काढला, पक्षी बसवला आणि खालून नट आवळला. आटे असे गपकन बसले, जणू कालच काढला होता. तोतारामला नाचावंसं वाटत होतं, तेवढ्यात मागे मंजुळाबाई उभी. कुंदाबाईने पदर तोंडाला लावला. म्हातारीने पक्ष्याकडे पाहिलं, मग मुलाच्या गालावरच्या वणांकडे. तोताराम शंभराव्यांदा सांगायला लागला, की टिटवीची चोच एवढी लांब नसते. मग ती विलायतेतली टिटवी आहे, एवढंच म्हणून मंजुळाबाईने पुढचं दार उघडलं.

“मी बी येते,” ती म्हणाली. “तिले कोनाले न्याचं असलं तर आधी मी तिच्या समोर हाये.”

मंजुळाबाई पुढच्या सीटवर बसली, मागे कुंदाबाई आणि सुपडू आबा, आणि हंबर निघाली. जळगाव ओलांडेपर्यंत म्हातारी हात जोडून पक्ष्यावर डोळे रोखून होती. पाळधीच्या पुढे मोकळा रस्ता लागला. तोतारामने समोरची काच खालून उघडली, ही सोयही कंपनीचीच, आणि थंड वारा थेट तोंडावर आला. एस.टी.तली माणसं खिडक्यांतून लोंबकळून बघायला लागली. एक ट्रकवाला हॉर्न वाजवत बराच वेळ शेजारून चालला. म्हातारीचे जोडलेले हात कधी सुटले, ते तिलाच कळलं नाही.

एरंडोलच्या पुढे फाटकन टायर फुटलं. मंजुळाबाई म्हणाली, बघा, म्हटलं होतं मी. सुपडू आबा म्हणाला, पाखरू होतं म्हणून सपाटीवर फुटलं, नाहीतर पुलावर फुटलं असतं. दोघांची जुंपली. तोतारामला मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. कंपनीचा जॅक इतकी वर्षं नुसता पुसून ठेवला होता, आज त्याला खरं काम मिळालं. रस्त्याच्या कडेला बसून त्याने चाक असं बदललं, जणू पूजा सांगतोय, आणि प्रत्येक पाना पुसून त्याच्या त्याच्या खड्ड्यात परत ठेवला.

धुळ्याच्या मैदानावर गाड्याच गाड्या. एकीचं बॉनेट बैलगाडीएवढं लांब, एक पांढरीशुभ्र, दारावर कुण्या संस्थानाचं चिन्ह असलेली. हंबर आत शिरली तसा लोकांचा गराडा पडला आणि एका म्हाताऱ्या गड्याने चोचीवरचा शेंदूर पाहून विचारलं, “हाई कोन्हा देव शे, भाऊ?” सुपडू आबाने मिशीवर हात फिरवला आणि सगळी कथा सुरू केली.

परीक्षक मुंबईचे होते, पांढऱ्या टोपीतले, बोलायला कमी. पांढऱ्या गाडीजवळ त्यांनी दिव्यांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि ते पुढे निघाले. दिवे नंतर बसवलेले होते. हंबरजवळ आले. घड्याळ पाहिलं, पडदा ओढून पाहिला, पान्यांच्या पेटीवर बराच वेळ वाकून राहिले. पक्ष्याखाली बोट घालून नट चाचपला आणि विचारलं, हा कायम इथेच असतो का? तोतारामला खोटं बोलवेना. आज सकाळीच बसवला, त्याने सांगितलं, आणि इतकी वर्षं कुठे होता तेही सांगितलं. परीक्षकांनी नखाने पक्ष्याच्या पायाशी ओघळलेला शेंदूर खरवडला, खालचा छाप पाहिला आणि पहिल्यांदाच हसले. अस्सल आहे, म्हणाले. मग मागे सरून उभे राहिले. आता हात दाखवा, म्हणाले. तोताराम आईशेजारी स्टिअरिंगवर जाऊन बसला.

डावा हात टपकन बाहेर आला आणि पेटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तोतारामने उजव्याचं बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. खांबाच्या आत नुसती कुरकुर झाली. परीक्षकांनी पेनाचं टोपण उघडलं. आणि गाडीतून एक हाडकुळी मूठ पुढे आली. मंजुळाबाईने सीटवरून वाकून, तोतारामच्या खांद्यावरून, उजव्या खांबावर दणका दिला. चुडामणआबा गाडी घरी नवी आली तेव्हा असाच द्यायचे, आणि हे ती विसरली नव्हती. उजवा हात टपकन वर आला, नारिंगी, झगझगीत.

मैदान असं ओरडलं की शेजारच्या लिंबावरचे बगळे उडाले. तोतारामला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. आई त्याच्या बाजूने उभी राहिली होती, ढालीपेक्षा त्याला ते मोठं वाटलं. ढालही मिळालीच. नारळ आणि शालसुद्धा. शाल त्याने आईच्या अंगावर घातली, नारळ तिच्या मांडीवर ठेवला, आणि परतीच्या वाटेवर सुपडू आबाने पारोळ्याला सगळ्यांना भजी खाऊ घातली.

नशिराबादला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. लाल ट्रॅक्टर दारात उभा होता, रिकाम्या नाकाने. तोतारामने पेटीतला पाना घेतला आणि बॉनेटशी गेला, पण पाना नटाला लागेना. आज एक दिवस, जन्मात एक दिवस, गाडी पुरी झाली होती. सुपडू आबाने ते पाहिलं आणि मान वळवली. दे मले, असं त्याच्याही तोंडून निघेना. शब्द दिलेला होता, तो मोडायचा कुणी आणि मागायचा कुणी?

मंजुळाबाई गाडीतून उतरली. तिने कुंदाबाईकडून कुंकवाची डबी घेतली आणि, विधवेने कुंकवाला हात लावू नये हे बाजूला ठेवून, शेंदराने माखलेल्या त्या चोचीवर कुंकवाचं बोट टेकवलं. कुंदाबाईने सुपडू आबाच्या सुनेकडून मूठभर गहू मागून आणले. ते गहू, सत्काराचा नारळ आणि कमरेचा रुमाल म्हातारीने पक्ष्यासमोर बॉनेटवर ठेवले. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी ओटी भरली. मग सुपडू आबाकडे वळली.

“म्या तिले शिवेबाहेर टाकली व्हती. तुम्ही तिचं चांगलं केलं. आता तुमचंच घर तिचं. पन आखाजीले माहेरी धाडजा.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या लेकींचा माहेरी यायचा सण. “धाडीन, अक्का,” सुपडू आबा म्हणाला. “पन तिले घ्याले मुराळी कोन येईन?”

मंजुळाबाईने तोतारामच्या वणांच्या गालावरून हात फिरवला. “हा येईन ना. भाऊ हाये तिचा.”

तोतारामने डोळे पुसले, खाली वाकला आणि नट सैल करायला लागला.