पोळ्याच्या रांगेतली ॲम्बेसिडर

मित्रांनो, मी एक जुनी ॲम्बेसिडर आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. पण 'बिचारी' म्हणाल तर याद राखा. आणि 'भंगार' म्हणणाऱ्यांची तोंडं तर माझ्या पक्की लक्षात आहेत. गोष्ट ऐकायची असेल तर नीट बसून ऐका. डोळे पुसायला रुमाल काढू नका, त्याची गरज पडणार नाही.

माझा जन्म दूर बंगालातला. पत्रा जाड, नाक गोल, दिवे वाटोळे. पुढची सीट अशी सलग की तीन माणसं ऐसपैस बसावीत आणि चौथ्यानं 'सरका की जरा' म्हणावं. माझ्या कितीतरी बहिणी डोक्यावर दिवा लावून साहेबांच्या बंगल्यावर गेल्या. मी जाफराबादजवळच्या एका गावात धर्मराज आणि चतुराबाई या शेतकरी जोडप्याच्या घरी आले. बहिणी उभ्या राहून राहून जाड झाल्या असतील. मी चिखल तुडवला, आणि मला त्याचा अभिमान आहे.

गावात मी पहिल्यांदा शिरले तेव्हाची गंमत सांगते. माझा रंग पांढरा. त्या काळी पांढरी ॲम्बेसिडर म्हणजे कुणीतरी मोठा साहेब, हे सगळ्यांना पाठ होतं. मला लांबून पाहताच गावभर पळापळ झाली. विजेच्या तारांवर टाकलेले आकडे भराभर खाली उतरले आणि पिठाची गिरणी गप्प झाली. मी पारापाशी थांबले, दार उघडलं आणि धोतर सावरत उतरले धर्मराज!

"आरं, मी हाय, मी! टाका तुमचे आकडे परत!" ते ओरडले. सगळं गाव हसलं, आणि त्या दिवसापासून मी एका घराची न राहता गावाची झाले.

मग काय विचारता! नवरी आणायला मी, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला मी, मोसंबीची पोती जालन्याच्या बाजारात पोचवायलाही मीच. दहावीच्या परीक्षेला गावची पोरं माझ्यात कोंबून नेली जायची. एकाच्या मांडीवर दुसरा, दुसऱ्याच्या मांडीवर तिसरा, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच पाठांतर. सोनूबाई नावाच्या शेजारणीचा मुलगा तर माझ्याच मागच्या सीटवर जन्माला आला. आज तो मोठा बागाईतदार झाला आहे आणि मला पाहून न पाहिल्यासारखं करतो. करू दे. त्याचं पहिलं रडणं मी ऐकलं आहे.

एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर धर्मराजांची बैलजोडी आजारी पडली. तोंडाला फेस, पाय लटपटते. ओढ्याला पाणी होतं आणि एसटी बंद होती. धर्मराजांनी मला ओढ्यात घातलं. पाणी दारातून आत आलं, पण मी खोकत खोकत का होईना पलीकडे निघाले आणि डॉक्टरांना घेऊन परत आले. बैल वाचले.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. जू ओढून ओढून शिणलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि बैलांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्या संध्याकाळी धर्मराज म्हणाले, "आवंदा हिचेबी खांदे मळा. ज्यानं ओढलं त्याचा मान."

पण गाडीचे खांदे कुठे असतात? यावर घरात बराच वाद झाला. शेवटी इंजिनाच्या दोन्ही अंगांचा फुगीर पत्रा म्हणजेच खांदे, असं ठरलं. चतुराबाईंनी तिथं तूप-हळद चोळली. दुसऱ्या दिवशी माझ्या टपावर झूल, नाकावर बाशिंग, बंपरला घुंगरू आणि मी बैलांच्या रांगेत, मारुतीच्या देवळापुढे! मंगलाष्टकं झाली. चतुराबाईंनी बैलांना पुरणपोळी चारली आणि माझीही एक पोळी समोरच्या जाळीतून आत सारली. तेव्हापासून दर पोळ्याला हेच चाललं. माझ्या दोन्ही खांद्यांवर हळदीचे पिवळे डाग कायमचे बसले.

पुढे बैल गेले, धर्मराजही गेले. एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं, अंगदनं, चावी फिरवली आणि मी सुरूच झाले नाही. अंगदनं दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा कपाळाला हात लावला. "म्हातारी झाली," तो म्हणाला. झालं! एवढ्या एका वाक्यावर माझा निकाल लागला. कुणी माझं इंजिनावरचं झाकण उघडून पाहिलं नाही. महिन्याभरात दारात उंच, चकचकीत नवी गाडी आली आणि मला कडब्याच्या गंजीशेजारी ढकललं गेलं. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. तरीही पोळ्याला चार माणसं मला ढकलत रांगेत न्यायची आणि परत गंजीपाशी आणून सोडायची.

एक सांगू? कोंबड्यांचा मला राग नाही. राग आहे तो पाहुण्यांचा. येणारा प्रत्येक पाहुणा माझ्यापाशी थांबायचा. "आमच्याबी घरी होती अशीच! काय दिवस होते!" असं म्हणून उसासा टाकायचा, माझ्याबरोबर फोटो काढायचा आणि आपल्या गार हवेच्या गाडीत बसून निघून जायचा. अरे, एवढी आठवण येते तर चाकात थोडी हवा भरून जा! पण आठवणींना पेट्रोल लागत नाही ना, म्हणून त्या सगळ्यांना परवडतात.

या वर्षी हरिओम आला. जालन्याच्या रस्त्यावर त्याचा ढाबा आहे. माणूस वाईट नाही, हसरा आहे. पण त्याचा बेत ऐकून माझं ऑइल गोठलं. तो अंगदला म्हणाला, "इंजिन काढून टाकू, वजन कमी होईल. डिकीत चहाचं काउंटर. लाल रंग मारू, वर लाइटिंग. लोक फोटो काढायला थांबतेत बघा!" अंगदलाही ते पटलं. निदान भंगारात तरी जाणार नाही, असं त्याला वाटलं. त्यानं हरिओमला शब्द दिला.

म्हणजे माझं काळीज काढायचं आणि तोंडाला लाली लावून मला रस्त्याकडे बघत उभं करायचं. रस्ता समोर आणि मी कधीच त्यावर जायचं नाही! मित्रांनो, त्यापेक्षा भट्टी परवडली. भट्टीतून निदान नांगराचा फाळ होऊन तरी बाहेर पडले असते.

हरिओम मला ओढून न्यायला टोचनची जीप घेऊन आला तो नेमका पोळ्याच्या सकाळी. त्यानं साखळी काढली आणि माझ्या बंपरकडे वाकला, तोच चतुराबाई काठी टेकत पुढे आल्या.

"आज साखळी न्हाई लावायची. आज पोळा हाय. आज कोणाच्या मानेवर काही ठेवत न्हाईत अन् दावणीचं जनावर बाहेर देत न्हाईत."

"मोठी आई, ही गाडी हाय. बैल थोडीच हाय?"

"मंग काल खांदे कोणाचे मळले म्या?" त्यांनी माझ्या अंगावरच्या ओल्या हळदीकडे काठी दाखवली. "उद्या ने. आज जेवून जा."

हरिओमनं साखळी जीपमध्ये टाकली आणि तो ओसरीवर बसला.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक नवराबायको आले. अफ्रीन जुन्या जालन्यातल्या शाळेत शिकवते, फहीम कापडाच्या दुकानात आहे. पोळ्याची सुट्टी होती म्हणून दोघं मला बघायला आले होते. अंगदनं पूर्वी 'विकणे आहे' म्हणून मोबाइलवर टाकलेला माझा फोटो त्यांना उशिरा दिसला होता.

"उशीर केला तुम्ही. शब्द देऊन बसलोय," अंगद म्हणाला.

अफ्रीनचा चेहरा उतरला. "नवी घ्यायची ऐपत न्हाई आमची. अन् जुन्यातल्या बारक्या गाडीत अब्बा, अम्मी, लेकरं सगळे मावत न्हाईत. हिच्यात मावले असते."

फहीम माझ्या मागच्या काचेपाशी गेला आणि काचेखालच्या फळीवर हात ठेवून उभा राहिला. "अब्बांची अशीच टॅक्सी होती," तो म्हणाला. "मी इथं झोपायचो, ह्या फळीवर. घर कवा आलं, कळायचं न्हाई."

झालं, आणखी एक उसासा, असं मला वाटलं. पण त्यानं फोटो काढला नाही. त्यानं बाह्या वर केल्या. "एकदा उघडून बघू का?"

"खुशाल बघा," हरिओम ओसरीवरून हसला. "ही चालली तर अंगदला मी शब्दातून सोडला! कवाची मुडदा पडून हाय ती."

मुडदा! ऐकलंत ना? माझ्या तोंडावर म्हणाला!

माझं झाकण उघडलं. अफ्रीननं आत वाकून पाहिलं आणि ती हसायलाच लागली. जाळीमागे उंदरांचं भलंमोठं घरटं होतं, त्यात वाळलेल्या पुरणपोळीचे तुकडे. दरवर्षीच्या नैवेद्यावर उंदरांच्या पिढ्या पोसल्या होत्या, आणि पोळी संपली की त्यांनी माझी वायर कुरतडली होती. ठिणगी पोचवणारी वायरच तुटलेली. म्हातारपण नाही, काही नाही, एक वायर!

चतुराबाई मटकन खाली बसल्या. "म्या खाऊ घातलं म्हणून बंद पडली ही? एवढे दिवस माझ्यापायी उभी?"

"आजी, तुम्ही प्रेमानं घातलं," अफ्रीन त्यांच्याजवळ बसत म्हणाली. "बघणाऱ्यांनी एकदा उघडून बघायला पाहिजे होतं."

अंगदनं मान खाली घातली. मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, चतुराबाई, ती पोळी मी शंभरदा खाईन.

मग दुपार कामात गेली. जाफराबादहून वायर आणली, ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावली, टाकीतला गाळ काढला आणि मोटारसायकलमधलं पेट्रोल माझ्यात ओतलं. स्टार्टर काही फिरेना, तेव्हा इंजिन हातानं फिरवायचं हँडल शोधलं. ते कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलेलं निघालं. फहीमनं हँडल मारलं. काही नाही. अंगदनं मारलं. मी नुसती शिंकले. हरिओम हात झटकत उठला, साखळीकडे निघाला. त्या साखळीचा आवाज मी ऐकला आणि ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. फहीमनं सगळा जीव लावून पुन्हा हँडल फिरवलं.

आणि मी गरजले! धुराचा एवढा मोठा लोट सोडला की हरिओम त्यात दिसेनासा झाला. होय, मुद्दाम सोडला.

"जिला न्यायची हाय तिनं चालवून दाखवावी," चतुराबाई म्हणाल्या. अफ्रीन बसली. ब्रेक नीट लागत नव्हते, म्हणून दोन माणसं हातात धोंडे घेऊन माझ्या चाकांशेजारून चालू लागली. अशी मी निघाले, कुणीही न ढकलता. रांगेतले बैल बुजले, पोरं मागे पळाली. मंगलाष्टकं झाली, तोरण तुटलं, पोळा फुटला आणि बैल घरोघर निघाले.

हरिओमनं सगळ्यांसमक्ष अंगदला शब्दातून मोकळं केलं. तसा तो बोलला की पाळणारा. पण तोंड पाडून म्हणाला, "मंग मी ढाब्यावर काय उभं करू, मोठी आई?"

"झाड लाव. सावलीला माणसं आपोआप थांबतेत."

ब्रेक दुरुस्त झाल्यावर अफ्रीन मला न्यायला आली. चतुराबाई माझ्या पुढच्या सीटवर बसून गावच्या शिवेपर्यंत आल्या. तिथं उतरल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जा. थांबू नको." मग काठी टेकत परत निघाल्या. मी निघाले, पण मागच्या काचेतून त्या दिसेनाशा होईपर्यंत मला दुसरं काही दिसलं नाही. रुमाल काढू नका म्हणाले होते, पण आता हवा तर काढा.

आज मी जुन्या जालन्यात आहे. गल्ली अरुंद, मागून रिक्षावाले हॉर्न मारतात, "ए, डबडं बाजूला घ्या!" म्हणतात. मी घेत नाही. माझ्यात सहा माणसं बसलेली असतात, आणि मागच्या फळीवर फहीमची धाकटी झोपलेली असते. तिची झोप मोडेल म्हणून मी हळूच जाते. ज्याला घाई आहे त्यानं पायी जावं.

मित्रांनो, तुमच्याही आजोळी, एखाद्या गोठ्यात किंवा गंजीशेजारी माझ्यासारखं कुणी उभं असेल. स्कूटर असेल, जीप असेल, जुनी फियाट असेल. तिच्यापाशी उसासे टाकू नका. फोटो काढून मोठ्या माणसांसारखे निघून जाऊ नका. घरातल्यांना हात धरून तिथं न्या आणि झाकण उघडायला लावा. कदाचित एक वायरच तुटलेली असेल. आणि ती खरंच संपली असेल तर तसं तिचं तिला सांगू द्या. तुम्ही परस्पर ठरवू नका.