खाजकुइलीचा कापूस

त्या वर्षी समुद्रापार कुठे तरी लढाई लागली होती आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. गाड्या, बैल, माणसे, सगळे कापूस वाहण्यात गुंतलेले. दर्यापूरचे खुशालराव आपल्या मुलीसाठी मला पाहायला अमरावतीस निघाले, तर त्यांना रिकामी गाडी मिळेना. शेवटी ते आपल्याच कापसाच्या गाडीवर बसून आले. माझे लग्न जमले ते त्यामुळे.

आधीची दोन स्थळे माझ्या खाजेने मोडली होती. दुसऱ्यांनी तर मला महारोग आहे असे गावभर केले. मला वाढवणाऱ्या भगवंतरावकाकांनी मला अब्दुल सत्तार हकिमांकडे नेले. त्यांनी उन्हात उभे करून पाठपोट पाहिले. पुरळ नाही, चट्टा नाही.

"वावरात एकटा असतो तवा खाजवते का रे?"

"नाई."

"अन् चार लोक पाहून राहिले की?"

"तवाच."

"चमडी तं साफ है बेटा. दवा लावू कुठी?"

हे स्थळ गेले असते तर चौथे येणार नव्हते. काका सकाळीच म्हणाले, "हात मांडीखाली दाबून बस. खाजवलं तं जलमभर भाकरी तुलेच थापा लागन."

खुशालराव आले, मला उराशी धरले, दोन भाऊबंदांसह समोर बसले. कापसाच्या गोष्टी निघाल्या. माझ्या डाव्या घोट्याला एक मुंगी चालल्यासारखे झाले. मुंगी नव्हतीच. मी हात दाबले. खाज गुडघ्यावर आली, पाठीवर गेली, जिथे हात पोचत नाही तिथे जाऊन बसली. डोळ्यांत पाणी आले.

"वावर किती म्हणता?" खुशालरावांनी विचारले.

उत्तराऐवजी माझी नखे मानेवर चालू लागली. लाज वाटली, पण सुख त्याहून मोठे होते.

काकांचा चेहरा पडला. मग एका भाऊबंदाने कोपर खाजवले. दुसऱ्याने पोटरी. खुशालरावांचा हात हळूच बाराबंदीत गेला, आणि ते पाहता पाहता काकाही पागोटे सरकवून टाळू खाजवू लागले.

खुशालरावांनी बाहेर उभ्या गाडीकडे पाहिले आणि त्यांना घाम फुटला.

"घात झाला, भगवंतराव! कापसात खाजकुइलीची कुसं आली. आमीच आणली तुमच्या घरात. पोट्ट्यालेबी लागली!"

"असू द्या, पाव्हणे," काका खाजवता खाजवता मोठ्या मनाने म्हणाले.

इतका ओशाळलेला माणूस पोरात खोट काय काढणार? दिवस मावळायच्या आत सुपारी फुटली. त्या दिवसापासून माझी खाज गेली. सासरे मात्र मरेपर्यंत दर हिवाळ्यात करंजाच्या तेलाचे मडके पाठवत राहिले. मी ते पाया पडून घेत असे.

ते वारल्यावर एकदा वेचणी करताना माझ्या बायकोला, जमुनेला, मी खरे सांगितले. ती हसली नाही.

"त्या गाडीतला कापूस म्याच येचला होता. त्यात कुठची आली खाजकुइली? बाबा घरी येऊन बोलले, तवाच मले समजलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमच्या पयले दोघं मले पाहून गेले होते. परत आले नाई."

"काहून?"

तिचा हात सावकाश मानेकडे गेला. मी लगेच तोंड फिरवले, पण उशीर झाला होता. डाव्या घोट्यापासून सुरुवात झाली.