ठकीचं मशीन

स्क्रूकाकांच्या दुकानात येऊन कुणी त्या नव्या लॅपटॉपला नावं ठेवली, की त्याची धडगत नसे. इतर कुठल्याही मशीनला खुशाल शिव्या घाला, काका स्वतःच्या पदरच्या चार जास्त घालतील. पण हा लॅपटॉप म्हणजे ठकीचं मशीन होतं. ठकी ही काकांची एकुलती एक लेक, मोठ्या कंपनीत इंजिनियर. कामाच्या माणसांसाठी असलेला जुना जाडजूड लॅपटॉप कंपनीनं पार बदलून सडपातळ करायचं ठरवलं, तेव्हा ज्या तेरा जणांना ते काम दिलं त्यांत ती होती. स्क्रीनचं बिजागर तर तिचं एकटीचं. लॅपटॉपचं झाकण एका बोटानं उघडतं आणि खालचा भाग टेबलावरून तसूभरही हलत नाही, हे काकांनी पोस्टमनलासुद्धा उघडून दाखवलं होतं. दोनदा!

"एका बोटानं, बघितलंत? आहे का कुणाची छाती असं बिजागर करायची?" असं ते विचारत, आणि समोरचा नाही म्हणेपर्यंत त्याला सोडत नसत.

आता खरं सांगायचं तर मशीनला खोडी होत्या. चांगल्या तीन होत्या. अंग बारीक करण्याच्या नादात वायरी जोडायच्या जागा दोनच उरल्या होत्या, त्याही डाव्या बाजूला एकमेकींना चिकटून. एक वायर जाड निघाली की दुसरी आत शिरायची नाही. दुसरं म्हणजे ते पोटाखालून हवा ओढायचं, त्यामुळे मांडीवर किंवा गादीवर घेतलं की तव्यासारखं तापायचं. आणि तिसरी खोड सगळ्यांत वाईट. अक्षर खोडायच्या बटणाला अगदी खेटून, त्याच मापाचं, हाताला तसंच लागणारं, मशीन बंद करायचं बटण बसवलं होतं. घाईत टाइप करताना बोट जरा घसरलं की स्क्रीन काळी!

काकांनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मशीनची पोटं उघडण्यात गेलेली, त्यांच्यापासून काय लपणार? आणि ओळखलं म्हणून तर त्यांनी कंबर कसली. वायरींसाठी त्यांनी वीतभर लांबीचे जोड तयार केले. मशीनच्या चार कोपऱ्यांना खालून इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं चिकटवली, ती शेजारची नर्स डबा भरून आणून द्यायची. बंद करायच्या बटणाभोवती त्यांनी पारदर्शक रबराची नाजूक रिंग बसवली, म्हणजे बोट तिच्या काठाला अडायचं आणि मागे फिरायचं. सेटिंगमध्ये शिरून ते बटण मुकंच करता येईल का, हेही त्यांनी पाहिलं होतं, पण कंपनीनं ती वाट बंद करून ठेवलेली. रिंगा काकू कापायच्या, नखं कापायच्या कात्रीनं.

हे सगळं फुकट. गावात कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर होतं, पण तिकडे कोण जाणार? ठकीच्या मशीनला काही झालं की काकांकडे जायचं, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. फक्त काका त्या फुकट कामाबरोबर दोन शब्दही फुकट द्यायचे.

"मांडीवर घ्यायला ते काय मांजर आहे?" असं त्यांनी घरांचे नकाशे काढणाऱ्या आर्किटेक्टला सुनावलं होतं. आणि भाषांतर करणाऱ्या एका बाईचं अर्धं पान उडालं, तेव्हा तिला म्हणाले, "बाई, मशीनला काही झालेलं नाही. तुमच्या बोटांनाच वळण नाही." बावीस वर्षं टाइप करत आलेली बाई! ती बिचारी ओशाळली आणि घरी जाऊन करंगळी आवरून टाइप करायला शिकली.

असे एकेचाळीस जण झाले, आणि बटणाची रड प्रत्येकाचीच होती. एकाच्याही तोंडून कंपनीपर्यंत ब्र गेला नाही, आणि काका खूश होते. लेकीच्या कामावर डाग पडू दिला नाही म्हणून छाती फुगवून हिंडत होते.

मग एका शनिवारी सकाळी ठकी दोन दिवसांसाठी घरी आली. दुकानामागच्या स्वयंपाकघरात चहा घ्यायला बसली, आणि काकांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "काल एक गृहस्थ आले होते, तुझं बिजागर बघून नुसते—"

"बाबा, पुरे ना." ठकीनं कप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. ही पोर लहानपणी गुडघा फुटला तरी रडली नव्हती.

"चार महिने झाले मी ओरडतेय की ते बंद करायचं बटण चुकीच्या जागी आहे. माझं काम नाही ते, तरी ओरडतेय. सोमवारी पुढच्या मॉडेलचं सगळं पक्कं होणार, आणि बटण तिथंच राहणार. एकदा साचे तयार झाले की पुढची तीन वर्षं कुणी हात लावणार नाही."

"पण तू सांगितलंस ना त्यांना?" काकू म्हणाल्या.

"सांगितलं म्हणून तर तोंडावर आपटले. साहेबांनी सगळ्यांसमोर तक्ता लावला. बाकीच्या गावांतून थोड्याफार तक्रारी आहेत, आणि आपल्या गावात साडेतीनशे मशीनं विकली गेली, तक्रारी शून्य. म्हणाले, तुझ्या गावच्या लोकांना चालतंय, मग तुलाच का खुपतंय? तू आपलं बिजागर बघ." ठकीनं नाक पुसलं. "सगळे हसले, बाबा. माझंच काहीतरी चुकत असेल, असं आता मलाही वाटायला लागलंय."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका कपात पाहत होते. मग ते उठले, "दुकान उघडतो" म्हणाले आणि बाहेर गेले. दुकान तासाभरापूर्वीच उघडलं होतं.

बाहेर ते स्टुलावर बसून राहिले. गप्प बसणं सोपं होतं. काकू बोलल्या नसत्या, गिऱ्हाइकं तर नाहीच नाही. लेक सोमवारी परत गेली असती, आणि आपले बाबा आपल्यावर जीव टाकतात असंच समजत राहिली असती. ते खोटंही नव्हतं. पण ती स्वतःला चुकीची समजत राहिली असती, आणि त्याला कारण तिचा बाप! हे मात्र त्यांना सोसेना.

ते आत आले आणि रिंगांचा डबा तिच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"तुझं बटण," काका म्हणाले. "चुकीच्या जागीच आहे ते. एकेचाळीस जण माझ्याकडे आले. मी हे लावून दिलं आणि बोटं तुमचीच चुकतात म्हणून सांगितलं."

ठकीला आधी काही कळेचना. मग कळलं, आणि ती ताडकन उठली.

"एकेचाळीस? बाबा, तिकडे आणखी एक तक्रार मिळावी म्हणून मी लोकांचे पाय धरत होते! आणि तुम्ही इथे बसून सगळ्या गिळत होतात?"

"तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून—"

"मला नावं ठेवलीच ना! साहेबांनी ठेवली, सगळ्यांदेखत!"

काका खाली मान घालून उभे राहिले. मग ठकीनं डब्यातली एक रिंग उचलली, उजेडात धरली आणि स्वतःच्या लॅपटॉपवर बसवून पाहिली. भराभर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. बोट एकदाही घसरलं नाही.

"जाडी किती?" तिनं वर न बघताच विचारलं.

"अर्धा मिलिमीटर. एकाची करून पाहिली होती. पण मग झाकण नीट मिटत नाही, तुझ्या बिजागरावर ताण येतो."

ठकी ओठ दाबून हसू आवरायला गेली, पण ते काही तिला जमलं नाही.

"तक्रार ज्याची त्यानंच करावी लागते," ती म्हणाली. "मशीनचा नंबर घालून. मी केलेली चालणार नाही, तुम्ही केलेलीही नाही."

"मी फोन करतो सगळ्यांना."

"मी करते. तुम्हाला जड जाईल."

"जाऊ दे जड. मी बोललोय, मीच निस्तरणार."

शनिवार दुपार आणि अख्खा रविवार काका फोनला चिकटून होते. ज्या माणसानं नाकावर माशी बसू दिली नव्हती, तो आता एकेकाला सांगत होता की मशीनमध्येच खोट आहे, तुमचं काही चुकलं नव्हतं, मी उगाच बोललो. काहींना वाटलं काकांची तब्येत बिघडलीय. आर्किटेक्ट इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं, पण तक्रार त्यानं तिथल्या तिथं केली. भाषांतरवाल्या बाईचा नंबर काकांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

"म्हणजे माझी बोटं ठीक आहेत?" तिनं शांतपणे विचारलं.

"बोटं उत्तम आहेत, बाई. माझी जीभ चुकली. माफ करा."

"करते. पण मला एक कळत नाही. मशीन तर तुमच्या मुलीनंच केलंय ना? मग त्यात खोट आहे, हे सांगितलं कुणी?"

"तिनंच," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज अचानक चढला. "चार महिने एकटी सांगतेय ती! साहेबासमोर, सगळ्यांसमोर! कुणी ऐकेना तरी सांगतेय!"

समोर बसलेली ठकी खिडकीबाहेर पाहायला लागली.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला तेव्हा काका एका जुन्या मशीनच्या पोटात हात घालून बसले होते. हात तसेच ठेवून त्यांनी फोन खांद्यानं कानाला दाबला.

"अडतीस आल्या, बाबा. बटण हललं. वरच्या कोपऱ्यात जाणार, एकटं."

"शाबास!" काका ओरडले. "साहेब काय म्हणाला?"

"म्हणाले, शून्याच्या गावातून दोन दिवसांत अडतीस? कुणी चिथावलं लोकांना? मी म्हटलं, माझ्या बाबांनी. ते म्हणाले, कोण ते? मी उभी राहून सांगितलं सगळ्यांना. माझे बाबा मशीन दुरुस्त करतात. आपण तेरा जणांनी जे बिघडवलं ते त्यांनी एकट्यानं एकेचाळीस वेळा नीट केलं, आणि चुकले तेव्हा एकेचाळीस वेळा माफी मागितली. तुमच्यापैकी कुणी एकदा तरी मागितलीय का, असंही विचारलं."

"अगं, नोकरी घालवशील!"

"कुणी हसलं नाही, बाबा."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हणतेय? झालं का काम?"

काकांनी मान हलवून हो म्हटलं. पोरीबद्दल जगाला ऐकवताना ज्यांची जीभ कधी थकली नव्हती, त्यांनी या वेळी मशीनच्या पोटातून नुसते हात बाहेर काढले. त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच ऐक तिच्या तोंडून."